दाकबोक्कुमतांगच्या हॉटेलात जेवायला जाताना: टेबल धरण्यापासून शेवटच्या परतलेल्या भातापर्यंत

कोरियातलं तिखट रश्शातल्या कोंबडीचं दाकबोक्कुमतांग खाऊन आलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. रस्सा खारट झाला, बटाट्याचा लगदा झाला, कोंबडी हाडाशी लाल दिसली म्हणून टाकून दिली, आणि शेजारच्या टेबलावर पातेल्यातच भात परतून देत होते तो आपल्याला काही मिळाला नाही. यातली बहुतेक गडबड स्वयंपाकघरात होत नाही, टेबलावर होते. पातेलं चुलीसकट तुमच्यासमोर येतं आणि पुढचा तासभर ते शिजत, आटत राहतं. आच केव्हा कमी करायची, त्यात काय केव्हा घालायचं आणि शेवटासाठी किती रस्सा राखायचा, हे सगळं जेवणाऱ्याच्या हातात असतं. फिरायला जाणारे, तिथे शिकणारे आणि रांजणगाव-तळेगावच्या कोरियन कंपन्यांतून कामासाठी जाणारे, सगळेच इथे चुकतात. म्हणून हा क्रम नीट लिहून काढला आहे.

## टप्पा १: हॉटेल निवडताना पदार्थ ओळखा

पाटीवर किंवा मेनूत या पदार्थाची दोन नावं दिसतील: दाकबोक्कुमतांग आणि दाकदोरीतांग. सरकारी आणि छापील वापरात पहिलं जास्त, जुन्या हॉटेलांच्या पाट्यांवर आणि बोलण्यात दुसरं. पदार्थ तोच. ही दोन्ही नावं कोरियन लिपीत फोनमध्ये साठवून ठेवा, म्हणजे पाटीशी ताडून बघता येतात आणि वेटरला दाखवताही येतात.

कोंबडीचे आणखी काही पदार्थ याच्याशी घोळ घालायला लावतात, ते असे:

- जिम्दाक: आन्दोंग शहराचा पदार्थ. सोया सॉसचा काळपट, गोडसर रस्सा आणि काचेसारख्या पारदर्शक शेवया. एकाच जोडीत तिखट न खाणारा कोणी असेल तर हा सोयीचा, पण त्यातही कधी कधी सुक्या मिरच्या असतात.
- दाकगाल्बी: चुनचॉन शहराचा. मोठ्या तव्यावर कोबी, रताळं आणि बिनहाडाची कोंबडी परततात. रस्सा नसतो.
- दाकहानमारी: सोलच्या दोंगदेमुन भागातल्या गल्लीत याची हॉटेलं ओळीने आहेत. अख्खी कोंबडी, पांढरा रस्सा. तिखट चटणी वेगळी, बुडवून खायला.
- सामग्येतांग: एका माणसाला एक छोटी कोंबडी, पोटात चिकट तांदूळ भरलेली. तिखट अजिबात नाही.

तुम्हाला हवा असलेला पदार्थ म्हणजे हाडासकट तुकडे केलेली कोंबडी, मोठे बटाटे, कांदा, गाजर, पातीचा कांदा आणि लाल मिरचीपूड, गोचुजांग (मिरचीची आंबवलेली घट्ट चटणी), लसूण, सोया सॉसचा लालभडक रस्सा. मेनूतल्या फोटोत लाल रश्शात बटाटा दिसला की बरोबर जागी आलात.

हॉटेलांचे ढोबळ दोन प्रकार आहेत, आणि पुढची सगळी तयारी त्यावर ठरते. पहिला शहरातला: जोंगनोसारख्या जुन्या भागातल्या गल्लीत, पिवळ्या पातळ अॅल्युमिनियमच्या पातेल्यात, काही ठिकाणी वर ठेचलेल्या लसणाचा ढीग. इथली कोंबडी साधी ब्रॉयलर, अर्धीअधिक आधीच शिजवलेली, त्यामुळे टेबलावर लवकर तयार होते. दुसरा डोंगरातला, ओढ्याकाठचा: सोलबाहेर नामहानसान्सोंग किल्ल्याच्या परिसरात अशी बरीच आहेत. तिथे बहुधा थोजोंगदाक, म्हणजे देशी कोंबडी मिळते. ती आकाराने मोठी, मांस घट्ट, आणि शिजायला वेळ घेते. घाईत असाल तर दुसऱ्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नका.

## टप्पा २: निघण्यापूर्वीची तयारी

माणसं मोजा. हा पदार्थ पातेल्याने विकला जातो, ताटाने नाही. बहुतेक ठिकाणी किमान दोन माणसांची ऑर्डर लागते, आणि एकट्याला दारातूनच परत पाठवण्याची शक्यता असते. एकटे असाल तर अर्धी कोंबडी, म्हणजे 'बान मारी' मिळते का ते आधी बघा, किंवा दुपारच्या जेवणात एका माणसापुरतं वाढणारं छोटं हॉटेल शोधा. कोरियन ब्रॉयलर साफ केल्यावर साधारण १ किलोची असते. ती दोघांना भरपूर, तिघांना भात-नूडल्ससकट पुरते. देशी कोंबडी तीन-चार जणांत सांगावी.

वेळ ठरवा. कित्येक हॉटेलं दुपारी ३ ते ५ बंद असतात. आत कोणी जेवत बसलेलं दिसलं तरी या वेळेत नवीन गिऱ्हाईक घेत नाहीत. सेओल्लाल आणि छुसोक या सणांच्या दिवसांत पुष्कळ जागा बंद असतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत 'बोकनाल' नावाचे तीन दिवस येतात, ऐन उन्हाळ्यात कोंबडी खाण्याचे. त्या दिवशी कोंबडीच्या कुठल्याही हॉटेलापुढे रांग असते. शक्य असेल तर दिवस बदला.

फोन करून ठेवा. डोंगरातल्या हॉटेलांत हे चुकवू नका. देशी कोंबडी शिजायला ४० मिनिटांपासून तासभर लागू शकतो, म्हणून लोक निघतानाच फोनवर ऑर्डर देतात आणि पोहोचतात तेव्हा पातेलं तयार असतं. भाषा येत नसेल तर राहत्या हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या माणसाला फोन करायला सांगा. किती माणसं, किती वाजता आणि कोणता पदार्थ, हे तिन्ही सांगितलं पाहिजे.

नकाशा. फोनवर नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप ही कोरियन नकाशाची ॲप घ्या. उघडण्याच्या वेळा, सुट्टीचा वार, मेनूचे फोटो आणि किमती त्यांवर जास्त भरवशाच्या असतात.

कपडे. जमिनीवर बसायची हॉटेलं अजून आहेत. सहज निघणारे बूट आणि बिनभोकाचे मोजे घाला. पांढरा शर्ट नको.

> तपासून घ्या: सोबत कोणी शाकाहारी आहे का? असेल तर तिला किंवा त्याला या हॉटेलात आणूच नका. 'बाजूच्या भाज्या खाईल' हा विचार इथे चालत नाही, कारण किमचीत बहुतेक वेळा माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. उरतो पांढरा भात. गोमांस टाळणाऱ्यांनीही विचारून घ्यावं. रश्शात गोमांसाच्या चवीची तयार पूड घालणं कोरियन स्वयंपाकघरात सर्रास आहे. हलाल हवं असेल तर सोलमध्ये इतेवोनच्या मशिदीच्या आसपास शोधा, नेहमीच्या हॉटेलात ते मिळत नाही.

## टप्पा ३: बसल्यावर पहिली पाच मिनिटं

दारातच बोटांनी माणसं दाखवा आणि ते सांगतील तिथे बसा. चमचे आणि चॉपस्टिक्स टेबलाच्या कडेला असलेल्या खणात किंवा डब्यात असतात, पाणी बाटलीत येतं किंवा स्वतः आणायचं असतं. कोट ठेवायला पिशवी मिळते किंवा स्टुलाची बैठक उघडून आत ठेवता येतो. आप्चिमा, म्हणजे ॲप्रन, मागितला की देतात. मागा. उकळता लाल रस्सा उडतो, आणि मिरचीपुडीचा डाग सहज जात नाही.

वेटरला बोलवायला टेबलावर घंटीचं बटण असेल तर ते दाबा. नसेल तर "योगियो" असं मोकळ्या आवाजात म्हणा. आपल्याला ते उद्धट वाटतं, म्हणून पुष्कळ जण नजरानजर होण्याची वाट बघत ताटकळतात. तिथे हाक मारणं ही रीतच आहे.

## टप्पा ४: ऑर्डर देताना

१. आकार सांगा. 'सो' लहान, 'जुंग' मध्यम, 'दे' मोठं. काही ठिकाणी 'हान मारी', म्हणजे एक अख्खी कोंबडी. दोघांना 'सो', तिघांना 'जुंग' पुरे. शहरात एका पातेल्याला साधारण २५,००० ते ५०,००० वॉन पडतात; देशी कोंबडी त्याहून महाग.

२. तिखटपणा ठरवा. कोल्हापूरच्या तांबड्या रश्शावर वाढलेला माणूस इथे हमखास 'सगळ्यात तिखट' सांगतो. कोरियन मिरचीपूड रंगाला गडद आणि चवीला गोडसर असते, त्यामुळे नेहमीचा रस्सा आपल्याला जड जात नाही हे खरं. पण 'तिखट' सांगितलं की स्वयंपाकघरातून छोंगयांग जातीच्या हिरव्या मिरच्या पडतात, आणि त्या बऱ्याच झोंबतात. शिवाय हा रस्सा तासभर आटत जातो. पहिल्या घासाला ठीक वाटलेलं तिखट शेवटी दुप्पट लागतं. पहिल्यांदा मधला तिखटपणाच घ्या. कमी हवं असेल तर "दोल मेप्के हे जुसेयो".

३. भात आत्ता किती, ते ठरवा. वाटीभर पांढरा भात, गोंगीप्पाप, साधारण १,००० वॉनचा, बहुधा वेगळा मागवावा लागतो. शेवटी परतलेला भात खाणार असाल तर आत्ता दोघांत एकच वाटी घ्या.

४. 'सारी' लगेच सांगू नका. सारी म्हणजे पातेल्यात घालायच्या जास्तीच्या वस्तू: नूडल्स, तांदळाच्या वड्या, शेवया. त्यांची वेळ नंतर येते. फक्त तांदळाच्या वड्या, म्हणजे 'त्तोक', सुरुवातीलाच घातल्या तर चालतात.

५. शेवटी भात परतून मिळतो का, ते आत्ताच विचारा. "पोक्कुम्बाप द्वेयो?" एवढं पुरे. काही जुन्या हॉटेलांत तो करत नाहीत, त्याऐवजी रश्शात घालायला सुरीने कापलेल्या ताज्या कालगुक्सू नूडल्स असतात. उत्तर काय येतं त्यावर किती रस्सा राखायचा ते ठरेल.

## टप्पा ५: पातेलं चुलीवर आल्यावर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

पहिला प्रश्न: कोंबडी कितपत शिजून आली आहे? पातेलं तीन अवस्थांत येऊ शकतं. पूर्ण शिजलेलं, फक्त गरम ठेवण्यासाठी चुलीवर. अर्धवट शिजलेलं, टेबलावर दहा-पंधरा मिनिटं लागणारं. आणि क्वचित कच्चं. वरून तिन्ही सारखीच लाल दिसतात. वेटर काहीतरी सांगून जाईल, ते कळलं नाही तर बोटाने पातेलं दाखवून विचारा: "जिगुम मोगोदो द्वेयो?" आत्ता खाऊ का, एवढाच त्याचा अर्थ. तो बोटांनी मिनिटं दाखवेल. तेवढं थांबा.

आच. सुरुवातीला मोठी, खळखळ उकळी येईपर्यंत. उकळी आली की मध्यम. खायला सुरुवात केली की मंद. पुष्कळ जण मोठी आच तशीच ठेवून गप्पा मारतात आणि वीस मिनिटांत रस्सा घट्ट, खारट होऊन तळाला लागतो. पातळ अॅल्युमिनियमचं पातेलं असेल तर आणखी लवकर.

ढवळणं. कमीत कमी. बटाटे मोठे असतात, पण एकदा मऊ झाले की डावाच्या दोन फेऱ्यांत फुटतात आणि पिठूळ रस्सा तळाला धरतो. ढवळण्याऐवजी डावाने कडेचा रस्सा उचलून वरच्या तुकड्यांवर ओता. वर लसणाचा ढीग असेल तर तो मात्र उकळी येताच रश्शात नीट मिसळा. कच्चा राहिला तर सगळी चव झाकून टाकतो.

रस्सा आटला तर पाणी ओतू नका. "युक्सू जोम दो जुसेयो" म्हणा. युक्सू म्हणजे पातळ, बेताच्या चवीचं कोंबडीचं पाणी. ते बहुधा फुकट आणून देतात. पाण्याने खारटपणा जातो खरा, पण सोबत चवही जाते.

> तपासून घ्या: कोंबडी शिजली का? सगळ्यात जाड तुकडा, मांडीचा, ताटलीत काढा आणि हाडाजवळ चॉपस्टिकने उकला. मांस हाडापासून सहज सुटलं, तंतू वेगळे झाले आणि रस पारदर्शक निघाला की शिजली. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला मगज बाहेर झिरपतो, म्हणून पूर्ण शिजल्यावरही हाडालगत लालसर-तपकिरी डाग दिसतो. नुसत्या त्या डागावरून कोंबडी परत पाठवू नका. मांस लवचिक, अर्धपारदर्शक असेल आणि हाडाला चिकटून ओढलं जात असेल, तर मात्र पाच मिनिटं आणखी उकळा.

> इशारा: कच्चं किंवा अर्धं कच्चं पातेलं आलं असेल, तर ते हलवायला वापरलेला चिमटा आणि खायच्या चॉपस्टिक्स वेगळ्या ठेवा. कोरियात कॅम्पिलोबॅक्टर जंतूने पोट बिघडण्याचे प्रकार उन्हाळ्यात वाढतात, आणि त्यात कच्च्या कोंबडीचा मोठा हात असतो.

> इशारा: टेबलावर डब्याच्या गॅसची छोटी शेगडी असेल तर पातेल्याची कड गॅसच्या डब्यावर येऊ देऊ नका. डबा तापून फुटू शकतो. कड वर येत असेल तर वेटरला दाखवा, ते शेगडी बदलून देतात.

## टप्पा ६: खाण्याचा क्रम

पातेल्यात थेट चमचा घालू नका. प्रत्येकाला वेगळी छोटी ताटली, 'आप्जोप्शी', मिळते. नसेल तर मागा. डावाने वाढून घ्या. वयाने मोठं कोणी असेल तर त्यांना आधी वाढा आणि त्यांनी सुरुवात केल्यावर आपण करा. मोठ्यांच्या पेल्यात काही ओतताना दोन्ही हात वापरा.

आधी तांदळाच्या वड्या संपवा, कारण त्या फार वेळ राहिल्या की विरघळून रस्सा चिकट करतात. मग कांदा, पात आणि पंखाचे लहान तुकडे. तोवर मांडी आणि छातीच्या तुकड्यांत रस्सा मुरतो. छातीचा तुकडा कोरडा लागला तर तो ताटलीत उकलून रश्शात बुडवून ठेवा, घाई करू नका.

बटाटा सगळ्यात शेवटी, आणि तो नुसता खाऊ नका. भाताच्या वाटीत ठेवून चमच्याने कुस्करा, वर दोन डाव रस्सा घाला, कालवा. माझ्या मते अख्ख्या जेवणातला सगळ्यात चांगला घास हाच. कोंबडीच्या मागे लागलेले लोक बटाटे पातेल्यातच सोडतात आणि मग ते फुटतात.

भात चमच्याने, बाकीचं चॉपस्टिक्सने. भाताची वाटी हातात उचलून खात नाहीत आणि चमचा भातात उभा खोचून ठेवत नाहीत. हाडाचा तुकडा चॉपस्टिकने जमत नसेल तर पातळ प्लास्टिकचे हातमोजे किंवा ओला रुमाल मागा. हाडं टाकायला वेगळं भांडं असतं, ती ताटलीत साठवू नका.

बाजूला येणारे किमची, मुळ्याच्या फोडी आणि थंड आंबट पाण्यातला मुळा हे सगळं फुकट आणि पुन्हा मिळणारं. काही ठिकाणी कोपऱ्यात स्वतः वाढून घ्यायची सोय असते. लागेल तेवढंच घ्या. तोंड पोळलं की पाण्याऐवजी तो थंड मुळ्याचा रस घ्या, आराम पडतो.

## टप्पा ७: सारी केव्हा घालायची

निम्मी कोंबडी संपल्यावर. त्याआधी नाही.

- रामेनच्या नूडल्स: सगळ्यात जास्त रस्सा पितात. घालण्याआधी डावभर युक्सू घाला, आच वाढवा, तीन-चार मिनिटांत काढा. फुगू दिल्या तर पातेलं कोरडं पडतं.
- रताळ्याच्या पिठाच्या शेवया: भिजवलेल्या आल्या तरच लगेच शिजतात. कडक असतील तर परत देऊन भिजवून मागा.
- उदोन: जाड, कमी रस्सा ओढणाऱ्या. शेवटी भात करायचा असेल तर याच घ्या.

दोघांनी नूडल्स आणि भात दोन्ही मागवू नयेत. पोट आणि रस्सा, दोन्ही पुरत नाहीत. मला निवडायला सांगितलं तर मी भात घेईन.

## टप्पा ८: परतलेला भात

पातेल्यात तळाशी पाऊण वाटीभर रस्सा, थोडे कोंबडीचे तुकडे आणि एखादा बटाटा उरला की वेटरला हाक मारा: "पोक्कुम्बाप हाना जुसेयो." दोघांत एकच. साधारण २,००० ते ३,००० वॉन.

उरलेली कोंबडी ताटलीत काढून घ्या, कारण वेटर पातेलं आत नेऊ शकतो. रस्सा जास्त असेल तर तो वाटीत काढून ठेवायला सांगा. भात कोरडा झाला तर कामाला येतो. भात, चुरलेली किमची, तिळाचं तेल आणि समुद्री शेवाळाचा चुरा घालून ते परततात आणि तळाला दाबून पसरवतात. इथे हात आवरा. मंद आचेवर दोन मिनिटं तसाच ठेवा, ढवळू नका. खालचा थर खरपूस होतो, तो चमच्याने खरवडून खायचा असतो.

> तपासून घ्या: रस्सा फार आटून खारट झाला असेल तर भात मागवण्याआधी थोडा युक्सू घालून एक उकळी काढा आणि चाखा. खारट रश्शातला भात कशानेच सुधारत नाही.

## टप्पा ९: उठताना

चूल स्वतः बंद करा. उरलेलं न्यायचं असेल तर "पोजांग हे जुसेयो" म्हणा. काही ठिकाणी डबे देतात, काही ठिकाणी उन्हाळ्यात नकार देतात. टेबलावरची चिठ्ठी घेऊन दाराजवळच्या काउंटरवर पैसे द्या. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. टिप देत नाहीत, आणि मेनूतल्या किमतीत कर धरलेला असतो.

डोंगरातल्या हॉटेलात गाडीने गेला असाल आणि सोजू किंवा माक्कोली ही तिथली दारू घेतली असेल, तर चालवायला बसू नका. कोरियात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा २०१९ पासून ०.०३ टक्के आहे, एखाद-दोन पेल्यांतही ती ओलांडली जाऊ शकते. 'देरी उन्जोन' म्हणजे तुमचीच गाडी चालवून पोहोचवणारा भाडोत्री ड्रायव्हर. काउंटरवर सांगितलं तर हॉटेलवाले बोलावून देतात. डोंगरात तो यायला वेळ लागतो, म्हणून भात परतायला सांगतानाच त्यालाही फोन करायला सांगा.